ऑस्ट्रेलियाचे डबे

"ह्या बाईला एवढे डबे कशाला लागत्यात गं?" सुईत दोरा ओवता ओवता आत्याबाईंनी विचारलं. "रोज पंगत बसती का काय तिच्याकडं?"

"हॉटेल काढतेय ती, आत्याबाई. समुद्राकाठी. प्रत्येक टेबलावर एकेक डबा ठेवणार आहे."

"आन् त्यात काय ठेवणार?"

"काही नाही. नुसता ठेवणार. बघायला."

आत्याबाईंचा हात थांबला. "रिकामाच?" त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं तशी त्यांनी मान हलवली आणि पुन्हा शिवायला घेतलं. परदेशातल्या लोकांविषयी त्यांचं मत आधीच फारसं चांगलं नव्हतं, त्यात ही भर पडली.

बार्शीतल्या आमच्या भाड्याच्या घराची पुढची खोली त्या दिवसांत खोली राहिलीच नव्हती. पितळेचे झाकणाचे डबे, पुठ्ठ्याची खोकी, जुन्या सुती पातळांचे तुकडे, मांजरपाटाचा तागा आणि मधोमध आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या शिंप्याच्या घरात जन्मल्या आणि शिंप्याच्याच घरात दिल्या गेल्या. त्यामुळे पार्सलावरचा कापडी गिलाफ शिवावा तर त्यांनीच. पोस्टातला कारकून म्हणायचा, काकूंचं पार्सल फेकलं तरी उसवायचं नाही, उघडणाराच रडेल. आत्याबाईंना हे सांगितलं की त्या गालात हसायच्या आणि पुढच्या पार्सलाला आणखी बारीक टाके घालायच्या.

आमचं काम असं वाटलेलं होतं. लोक जुनी पितळी भांडी मोडीत घालून स्टील घेतात. ती मोड भट्टीत जायच्या आधी मोडीचे व्यापारी कांतीशेठ यांच्या दुकानात बसून निवडून आणायची, फोटो काढायचे, इंग्रजीत दोन ओळी लिहून जुन्या वस्तू विकणाऱ्या एका परदेशी साइटवर चढवायचे आणि गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार करायचा, हे माझं. झाकण लावून त्यावरून दोरा गुंडाळणं, भांडं पातळाच्या तुकड्यात लपेटणं, खोक्यात घालून गिलाफ शिवणं हे आत्याबाईंचं. सायकलवर लादून पोस्टात नेणं सदाशिवांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. सूतगिरणी बंद पडल्यापासून ते दाढीसुद्धा करत नव्हते. पोस्टाच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि ते पुन्हा रोज सकाळी आरशासमोर उभे राहायला लागले. मला आमच्या ह्या धंद्याचं खरं उत्पन्न तेच वाटायचं.

सुरुवातीला आमची फजिती कमी झाली नव्हती. पहिल्याच खेपेला एका इंग्लंडच्या माणसानं काळवंडलेली एक समई पसंत केली होती. मी बाजारातून आले तर ती समई अंगणात उन्हात लखलखत होती. आत्याबाईंनी चिंच आणि राखेनं घासून तिचं पार नवीन लग्न लावून दिलं होतं. मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांना जुनंच हवंय, काळं, डागांचं, असं मी सांगितल्यावर त्या अवाक झाल्या.

"अगं, दुसऱ्याच्या घरी भांडं जातंय. त्याला घासू नको? काय म्हनतील, ह्या घरात बाया न्हाईत का?"

त्या माणसानं समई घेतली नाहीच. पुढे आत्याबाईंनी भांडी घासायचं सोडलं; पण सोडलं ते नाराजीनं. दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या भांड्याची त्यांच्याकडे एक रीत होती आणि ती मोडल्याचं दुःख त्यांना झालं होतं. रीतींच्या बाबतीत त्या पक्क्या होत्या. शेजारच्या शकुंतलाबाईंची वाटी आमच्याकडे आली की ती साखर घालून परत जायची आणि आमची त्यांच्याकडे गेली की तीही साखर घालून परत यायची. मी म्हणायची, आत्याबाई, साखर तीच आहे, नुसती घरं बदलतेय. त्या म्हणायच्या, बदलू दे.

तर ऑस्ट्रेलियाच्या हेलनबाई. एवढी मोठी मागणी आम्हाला कधी आली नव्हती आणि ती वेळेवर आली होती. वापीहून दादांचे, म्हणजे मोठ्या दिरांचे, फोन वाढले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. बार्शीत आता काही राहिलं नाही. आईला मी वापीला नेतो, तुम्ही दोघं पुण्याला जाऊन काहीतरी बघा. दादा वाईट नव्हते. पण वापीला त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. जाऊबाई दिवसभर कामावर. तिथे आत्याबाई खिडकीशी बसून काय करणार होत्या? आत्याबाईंना नुसतं वापी म्हटलं तरी त्या जेवणावरून उठायच्या. बार्शी सोडायची नाही, भगवंताच्या देवळाची एकादशी सोडायची नाही आणि मला सोडायचं नाही, हे तिन्ही त्या एका दमात म्हणायच्या. मला आई नव्हती. त्यांचं ते शेवटचं वाक्य मी दरवेळी ऐकलं नसल्यासारखं करायची आणि ते पुन्हा कधी म्हणतील याची वाट बघायची.

त्या दिवशी शेवटच्या पार्सलावर मी पत्ता लिहीत असतानाच दादांचा फोन आला. सदाशिव इतके मोकळे बोलताना मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "दादा, ऑस्ट्रेलियाचा माल चाललाय. हा पोचला की ती बाई आणखी घेणार आहे. आई इथंच राहील. मी सांभाळतो तिला."

आत्याबाईंनी दोरा दातानं तोडला आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

हेलनबाईंनी मला आधीच लिहून कळवलं होतं की त्यांच्याकडचे तपासनीस फार कडक आहेत, पॅकिंगला गवत, भुसा, लाकूड काही वापरू नका, बी किंवा धान्य तर नखभरही नको. मी त्याबाबत डोळ्यांत तेल घालून होते. प्रत्येक डबा आतून कोरड्या ब्रशनं झाडला, उन्हात पालथा घातला, फॉर्मवर 'आत धान्य वा बी नाही' यापुढे खूण केली आणि सही केली. आत्याबाईंनाही बजावलं की भुसा घालायचा नाही. त्या म्हणाल्या, "भुसा कोन घालतंय बया? भुसा काय मानसाला देत्यात व्हय?"

पार्सलं गेली. त्यांचा ठावठिकाणा संगणकावर दिसायचा. रोज सकाळी सदाशिव आंघोळीआधी तो बघायचे आणि आत्याबाईंना मोठ्यानं सांगायचे, आई, तुझं शिवण मुंबईला पोचलं, आता सिंगापूरला पोचलं. त्या देवाकडे बघून हात जोडायच्या. मग एके दिवशी पार्सलं ऑस्ट्रेलियात उतरली आणि तिथेच थांबली. तपासणीसाठी थांबवलं, एवढंच लिहिलेलं यायचं. एक पार्सल थांबलं असतं तर समजण्यासारखं होतं. पण सगळीच थांबली होती.

सदाशिवांना वाटलं, डब्यांवरच्या हिरव्या डागांना ते विष समजले असतील. मला वाटलं, कुठल्या तरी खाचेत माती राहिली. हेलनबाईंची पत्रं आधी काळजीची आली, मग कोरडी, मग अगदी दोन ओळींची. हॉटेल उघडायचा दिवस जवळ येत होता. शेवटी त्यांनी साइटकडे रीतसर तक्रार केली, पार्सलागणिक एक. आणि त्याच सकाळी त्यांनी मला एक फोटो पाठवला. तपासनिसांनी त्यांना दिलेला होता.

फोटोत पांढरंशुभ्र टेबल होतं. त्यावर आमचा एक डबा, झाकणावर कमळ असलेला, उघडा. आमच्या पातळाचा तुकडा घडी घालून बाजूला. आणि समोर पट्टी ठेवून, तिच्याशेजारी मांडलेले काही पिवळे दाणे.

"हे काय आहे?" मी म्हणाले. मला खरंच कळलं नव्हतं.

सदाशिव माझ्या खांद्यावरून वाकले. मग हळू आवाजात म्हणाले, "अक्षता आहेत, कुंदा."

आमच्याकडे देवाच्या अक्षतांना कुंकू लावत नसत, हळद लावत. ती आत्याबाईंच्या माहेरची पद्धत. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यावरून त्यांना चिडवलं होतं. ते दाणे जगातल्या दुसऱ्या कुठल्या घरचे असणं शक्य नव्हतं. आतल्या खोलीत त्या वेळी त्यांची पूजाच चालली होती. घंटी वाजली आणि थांबली.

मग एकेक गोष्ट मला उलगडत गेली. झाकण लावून दोरा गुंडाळायच्या आधी त्यांचा हात एकदा डब्यात जायचा, तो मी रोज बघत होते. मला वाटायचं, त्या आतून पुसतात. हॉलंडच्या एका बाईनं करंडा मिळाल्यावर 'त्या छोट्याशा पिवळ्या भेटीबद्दल' आभार मानले होते. तो करंडा पिवळ्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेला होता, म्हणून मी म्हटलं, गोऱ्यांना चिंधीचंही कौतुक. आत्याबाई पहिल्या दिवसापासून प्रत्येक भांड्यात चिमूटभर अक्षता घालत होत्या. भांडं घासू दिलं नाही, निदान रिकामं तरी जायला नको. इतर देशांत तपासणीत कुणी डबा उघडून पाहिला नसेल, किंवा पाहून दाणे झटकून टाकले असतील. आणि मी धान्य नको म्हणून बजावलं असतं तरी त्यांनी त्या घातल्याच असत्या, कारण अक्षता म्हणजे धान्य हे त्यांच्या डोक्यात आलंच नसतं. माझ्याही आलं नसतं.

"आईला सांगायचं नाही," सदाशिव म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

तेवढ्या एका बाबतीत आमचं पटायला वेळ लागला नाही.

मी साइटला लिहिलं. आमच्याकडे भांडं रिकामं देत नाहीत, सासूबाईंनी श्रद्धेनं चार दाणे घातले, यापुढे असं होणार नाही, असं मला येईल तेवढ्या इंग्रजीत पानभर लिहिलं. पाठवल्याबरोबर उत्तर आलं, इतकं झटपट की ते माणसानं वाचलं असणं शक्य नव्हतं. लिहिल्याबद्दल आभार, आम्हाला तुमची अडचण समजते, तुमचं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. इतक्या नम्रपणे मला कधी कुणी हाकललं नव्हतं. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच आभार आले. बोलायला कुणी माणूस द्या असं लिहिलं, तर त्यालाही तेच उत्तर. कांतीशेठशी भांडण झालं असतं तर दुकानापुढे जाऊन बसता आलं असतं, रडता आलं असतं, चार लोक मध्ये पडले असते. इथे कुणाच्या दारात बसणार?

सदाशिवांच्या नावानं नवं खातं उघडून पाहिलं. पत्ता तोच, बँक तीच. ते दुसऱ्या दिवशी बंद झालं. डबे तिकडे जाळले की वितळवले ते कळलं नाही. हेलनबाईंचे पैसे परत गेले. त्यांनी शेवटच्या पत्रात लिहिलं होतं की डबे फार सुंदर होते, फोटोतसुद्धा. ते वाचून मला त्यांचा रागही करता येईना.

आत्याबाईंना आम्ही सांगितलं की ती कंपनीच बंद पडली.

"गिरणीगत?" त्यांनी विचारलं.

"हो, गिरणीसारखीच."

"म्हंजी तितल्या लोकांचंबी हाल," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला वळल्या.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, आठवावेसेही वाटत नाहीत. सदाशिवांनी दाढी करणं सोडलं. पुढच्या खोलीत मांजरपाटाचा तागा तसाच उभा होता. संगणक मी कधी बंद करायची, कधी तसाच ठेवायची. रोज सकाळी उघडून तो फोटो बघत बसायची, जसं काही बघून बघून ते दाणे तिथून नाहीसे होणार होते. दादांना कळवावं लागलं. दादांनी 'मी सांगत होतो' असं म्हटलं नाही. ते म्हणाले असते तर बरं झालं असतं. सदाशिवांसाठी त्यांनी पुण्याला एका गोदामात शब्द टाकला आणि आईला न्यायला येतो म्हणून कळवलं.

आम्हाला वाटलं होतं, आत्याबाई रडतील, भांडतील, जेवण सोडतील. मी त्याची तयारी करून बसले होते, खरं सांगायचं तर त्यांनी भांडावं अशी माझी इच्छा होती. त्यांनी मात्र स्वतःची पातळं स्वतः घडी घालून ट्रंकेत भरली. मी शेजारी बसले होते.

"कुंदा," त्या ट्रंकेत बघत म्हणाल्या, "माज्याकडनं काय चुकलं न्हाई न्हवं? शिवान उसवलं का कुटं?"

"नाही, आत्याबाई. शिवण पक्की होती."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "बरं," आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

ऑस्ट्रेलियाच्या मालातला एक डबा मागे राहिला होता, त्याचं झाकण घट्ट बसत नव्हतं म्हणून. त्यात मी शेंगदाण्याचे लाडू भरून त्यांच्याबरोबर दिले. एसटीत बसताना तो त्यांनी मांडीवर घेतला. डबा परत पाठवते, म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या तुमच्याकडेच. त्या म्हणाल्या, "न्हाई. दुसऱ्याचं भांडं ठेवू नये." मी दुसरी कधीपासून झाले, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं, पण गाडी सुटली.

आमचं पुण्याला जायचं ठरलं होतं, त्याच्या आदल्या आठवड्यात दादा रेशनकार्डाच्या कामासाठी बार्शीला आले. पिशवीतून त्यांनी मांजरपाटात शिवलेलं एक गाठोडं काढलं. टाके बघितले आणि मी हात पुढे केले.

"आईनं दिलाय, तुझा डबा," दादा म्हणाले. "आणि एक निरोप आहे. म्हणाली, कुंदाला सांग, आत काही घातलेलं नाही. शंका वाटली तर उसवून बघ म्हणावं." ते जरा हसले. "असं का म्हणाली कुणास ठाऊक. तिथं आल्यापासून बोलतच नाही फारसं."

सदाशिव उठून मोरीकडे निघून गेले.

पुढची खोली रोज सकाळी आत्याबाई झाडायच्या. संगणकावर तो फोटो किती सकाळी तसाच उघडा राहिला असेल, मला सांगता येणार नाही. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण आपला डबा, आपलं पातळ आणि आपल्या हातच्या अक्षता ओळखायला इंग्रजी लागत नाही. त्यांना सगळं कळलं होतं, आणि तरी त्यांनी मला विचारलं होतं, काय चुकलं न्हाई न्हवं. मी खरं सांगेन म्हणून विचारलं होतं, की नाही सांगणार म्हणून, हे मला आजही कळलेलं नाही.

मी ब्लेड घेऊन टाके उसवले. डबा बाहेरून तसाच काळा होता, डागांसकट, परदेशी गिऱ्हाइकांना हवा असायचा तसा. आतून मात्र चिंचेनं घासलेला होता. इतका की माझा चेहरा तळाशी दिसत होता. झाकणाच्या खाचेतून मी नख फिरवलं. तिथेही काही नव्हतं. ज्या बाईनं जन्मात कुणाला रिकामी वाटी दिली नव्हती, तिनं मला रिकामा डबा पाठवला होता, आणि तो रिकामा आहे हे मला नीट दिसावं म्हणून किती वेळ घासत बसली असेल. मी जमिनीवर बसून रडले. दादा गोंधळून बघत राहिले.

सदाशिव नंतर म्हणाले, दादाबरोबर काहीतरी भरून परत पाठव. मी आत गेले. तांदळाच्या डब्यात हात घातला, मूठ भरली आणि तशीच उभी राहिले. हे बघून त्यांना बरं वाटेल की मी डागणी दिली असं वाटेल, ते मला ठरवता येईना. साखर घेतली, ती ठेवली. लाडू करायला वेळ नव्हता. दादांची एसटी संध्याकाळची होती. ती गेली तेव्हा डबा माझ्याच घरात होता.

आत्याबाई त्या माघात वापीलाच वारल्या. आम्ही पोचलो तेव्हा चौथ्या मजल्यावरून त्यांना खाली आणलं होतं.

डबा पुण्याच्या घरात फळीवर आहे. येणारेजाणारे बघतात, पितळ जुनं दिसतंय म्हणतात, कुणी हातात घेऊन झाकण उघडतं. परवा शेजारच्या सुनेनं विचारलं, काकू, यात काय ठेवता?

काही नाही, मी म्हणाले. नुसता ठेवलाय.

"रिकामाच?" ती म्हणाली.